पेट्यांसमोरची रांगोळी

"दोन," मी म्हटलं आणि दुसरी मेलेली मधमाशी चिमट्यानं उचलून डबीत टाकली.

"काल किती व्हत्या ह्या पेटीला?" लहानूकाकांनी विचारलं.

"तीन. परवा दोन."

"आन औषीद मारायच्या आदी?"

"तेव्हाही दोन-तीनच. म्हणजे फरक काहीच नाही, काका. चांगलंच आहे की!"

लहानूकाकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. मी पुढच्या पेटीकडे गेले. तिथे एक. तिच्या पुढच्या पेटीला तीन. सहा पेट्या मोजायला मला जेमतेम पाच मिनिटं लागली. इतकं सोपं काम आणि त्याचा पगार, असं मनात येऊन मी तेव्हा हसलेही असेन.

फेब्रुवारी महिना होता. देऊळगाव राजाच्या पुढे शिवणी म्हणून गाव आहे, तिथल्या कौतिकाबाई शिंगणे यांचं हे शेत. त्या भागात कांदा खायला कमी आणि बियाण्यासाठी जास्त लावतात. शेतात कमरेएवढे डोंगळे उभे आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा. ह्या गोंड्यांवर मधमाश्या बसल्या नाहीत तर बी भरत नाही, म्हणून माश्यांच्या पेट्या बाहेरून आणतात. आमच्या पेट्या लहानूकाका कोंढाळकरांच्या. ते पार भोरहून टेम्पोत घालून त्या घेऊन आले होते. कौतिकाबाईंच्या अंगणाला लागूनच सहा पेट्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीसमोर पांढऱ्या मांजरपाटाचं कापड अंथरलेलं, आणि प्रत्येक कापडासमोर एक लहानशी, टापटीप रांगोळी. कधी कमळ, कधी स्वस्तिक, एके दिवशी तर गोपद्मं. मी रोज सकाळी त्यांचा फोटो काढून आईला पाठवायचे. आई उत्तरायची, 'किती गं हौशी आहेत बाई!'

माझ्या नोकरीचं नाव इतकं लांबलचक होतं की व्हिजिटिंग कार्डावर त्याला दोन ओळी लागायच्या. आई त्यामुळे लोकांना थोडक्यात सांगायची, "आमची चारुता औषधाच्या कंपनीत आहे." मग लोक मला गुडघेदुखीवर काय घ्यावं ते विचारायचे. आमचं औषध पिकांवरचं. कीड मारण्यासाठी ते करायचं, आणि त्यानं जे मरायला नको ते किती मरतं हे मोजायचं काम माझं. गांडुळं, मासे, मधमाश्या. मोजून झालं की अहवाल लिहायचा, तो सरकारकडे जायचा, आणि त्यावरून ठरायचं की हे औषध विकू द्यायचं की नाही, आणि विकलं तर बाटलीवर कोणती सूचना छापायची. "म्हणजे तू कंपनीच्या पगारावरचा विरोधी पक्ष," असं बाबा म्हणायचे. ते आम्हा वझलवारांच्या घराण्यातले, आमच्याकडे सगळ्यांनाच सगळ्यात राजकारण दिसतं.

ह्या वेळचं औषध कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी होतं. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. चाचणी साधी होती. कौतिकाबाईंच्या शेतात औषध फवारायचं, आणि ओढ्यापलीकडे चार किलोमीटरवर त्यांच्या दिराच्या शेतात नुसतं पाणी. दोन्हीकडे सहा-सहा पेट्या. फवारणीआधी तीन दिवस आणि नंतर आठवडाभर, रोज सकाळी आठ वाजता कापडावर पडलेल्या मेलेल्या माश्या मोजायच्या. फवारणीही मुद्दाम सकाळी दहाला, माश्या फुलांवर असताना केली. सगळ्यात वाईट वेळी मारून माश्या वाचल्या, तर इतर वेळी त्या वाचणारच, असा त्यामागचा विचार.

त्या दिवशी मोजणीची आठवी सकाळ होती. पाण्याच्या शेतात रोज पेटीमागे अठरा-वीस माश्या मेलेल्या सापडत होत्या, औषधाच्या शेतात दोन-तीन.

"म्याडम, योक बोलू का?" जीपकडे चालता चालता लहानूकाका म्हणाले.

"बोला की."

"ह्ये वीस हजारांचं गाव हाय. येक पेटी म्हंजी येक गाव. कामकरी माशी म्हैना-दीड म्हैना जगती. म्हंजी रोज मयत पडनारच. ज्या गावात मयत न्हाई, तितं येक तर गाव न्हाई, न्हाईतर कोनतरी मयत लपवतंय."

"काका, ओढ्यापलीकडची जागा उघड्यावर आहे. इथे आडोसा आहे, पाणी जवळ आहे. इथल्या वसाहती जोमदार आहेत."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं स्पष्टीकरण असायचं. शिक्षणाचा तो एक तोटा आहे.

"पेट्या माज्याच हायत," ते म्हणाले. "जोमदार असत्या तर मला ठावं नसतं व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "मागल्या सालाला माज्या चाळीस पेट्या गेल्या. दोन दिसांत. कुनी काय मारलं, कवा मारलं, कुनालाच सांगता येईना. जो तो म्हनं, आमच्या औषदानं काय न्हाई व्हत. तुमी आला आन म्हनला, मोजायचंय. म्हनून ह्या बारा पेट्या दिल्या. मरत्याल तर मरूंद्यात, पन कुटं तरी लिवलं जाऊंद्या."

दुपारी लॉजवर पोहोचले तोच पोंक्षे सरांचा फोन आला. पोंक्षे सर आमच्या नोंदणी विभागाचे प्रमुख. माणूस दिलदार, पण तारखेच्या बाबतीत सासूसारखा.

"वझलवार! आकडे पाहिले. माश्यांना आपलं औषध मानवलेलं दिसतंय!"

"हो सर."

"शुक्रवारपर्यंत सारांश सही करून दे. महिनाअखेरीस फाइल जाते. आणि हे एकदा मार्गी लागलं ना, की विभाग तुझ्याकडे. मी वर बोललोय."

एकोणतिसाव्या वर्षी विभाग हातात येणार! मी लॉजच्या त्या खोलीत, गळक्या नळाच्या साक्षीनं, एकटीच दोन उड्या मारल्या. मग आईला फोन करावा म्हणून मोबाइल उचलला, तर समोर सकाळचा रांगोळीचा फोटो होता. का कोण जाणे, लहानूकाकांचं वाक्य आठवलं. कोणतरी मयत लपवतंय.

चाचणीच्या आराखड्यात एक बारकी पायरी होती. मेलेल्या काही माश्यांवर रंगाची खूण करून त्या संध्याकाळी कापडावर ठेवायच्या, आणि सकाळी त्यातल्या किती उरतात ते पाहायचं. मुंग्या, पाखरं किती पळवतात ते कळावं म्हणून. ही पायरी पहिल्याच दिवशी करायची होती. पहिल्या दिवशी टेम्पो उशिरा आला, धावपळ झाली, आणि मी 'नंतर करू' म्हणून ती बाजूला ठेवली होती. ते 'नंतर' आठ दिवस आलंच नव्हतं.

मी जीप काढायला लावली. डबीत साठवलेल्या माश्यांपैकी साठ माश्यांच्या पाठीवर माझ्या पर्समधल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्याच लॉजवर उतरलेले लहानूकाका शेजारी बसून फुंकर घालून एकेक वाळवत होते.

"नवरी नटवल्यागत दिसत्यात," ते म्हणाले.

सहाच्या सुमारास शेतात पोहोचलो, आणि पहिल्या कापडापाशीच मी थबकले. कापडावर नऊ माश्या पडलेल्या होत्या. दुसऱ्यावर अकरा. मी आजवर तिथे संध्याकाळी कधी आलेच नव्हते. चोवीस तासांतून एकदा, ठरल्या वेळी मोजायचं, हा नियम मी तंतोतंत पाळला होता.

"सकाळी दोन आन सांच्याला नऊ," लहानूकाका म्हणाले. "ह्ये कसलं गनित?"

आम्ही प्रत्येक कापडावर लाल ठिपक्याच्या दहा-दहा माश्या ठेवल्या आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सहाही कापडांवर मिळून तेरा माश्या होत्या. लाल ठिपक्याची एकही नव्हती.

"मुंग्या," लहानूकाका म्हणाले. "न्हाईतर कोतवाल. त्यो पक्षी लई अवलादी."

मुंग्या असत्या तर त्यांची रांग दिसली असती, एखादा पंख तरी मागे उरला असता. कापड स्वच्छ होतं. परीटघडीचं असावं तितकं स्वच्छ. मी उकिडवी बसले आणि कापडाच्या कडेची रांगोळी बघत राहिले. त्या दिवशी मोर काढला होता. बारीक, एकसंध रेघ, खाली शेणानं सारवल्यासारखी गुळगुळीत माती, तिच्यावर एक काडी नाही, एक पान नाही.

आणि मग मी हातातला चिमटा खाली ठेवला.

मराठी घरातली मी मुलगी. सणासुदीला आई पहाटे उठवायची तेव्हा आधी हातात काय द्यायची? केरसुणी. आधी झाडायचं, मग सडा, मग रांगोळी. न झाडलेल्या जागेवर रांगोळी कोण काढतं? आठ दिवस मी त्या रांगोळ्यांचे फोटो काढत होते, आणि त्यांच्या आधी काय झालं असेल हा प्रश्न मला, एम. एस्सी., पीएच. डी. असूनही, एकदाही पडला नव्हता.

कौतिकाबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. पंचेचाळिशीच्या, उंच, भराभर बोलणाऱ्या. आम्ही आलो की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "चहा टाकला हाय, नाही म्हनू नका."

"मावशी," मी विचारलं, "ह्या पेट्यांपुढची कापडं तुम्ही झाडता का?"

"मंग!" त्या अभिमानानं म्हणाल्या. "रोज. पाच वाजता उठते, आधी आंगन झाडते, मंग हे. पयल्या दिशी पायलं तं कापडावर मेलेल्या माश्या! म्हनलं, काय माय, येवढ्या लांबून पाव्हणे आले, मोठ्या कंपनीची बाई येनार, आन त्यांच्या दारात मढी? बरं दिसते का ते?" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांच्या हातातलं सूप थांबलं. "काहून? काही चुकलं का?"

"टाकता कुठे त्या?"

"फेकत नाही वो. येवढा जीव, आपल्यासाठी राबनारा. पायदळी नाही येऊ देत." त्या उठल्या आणि आम्हाला कडुनिंबाखाली घेऊन गेल्या. तिथे एक फुटक्या माठाचं मोठं खापर होतं, वर फरशीचा तुकडा झाकलेला. त्यांनी तो बाजूला केला.

खापर अर्ध्यावर भरलेलं होतं. सगळ्यात वर लाल ठिपके चमकत होते.

"हे लाल आजचे," कौतिकाबाई म्हणाल्या. "म्हनलं माश्यायले काही रोग पडला का काय. पयले तीन दिस हे येवढेच, मूठभर. मंग ज्या दिशी तुमी फवारलं ना, त्याच्या दुसऱ्या दिशी सूपभर निघाले. सूपभर! तिसऱ्या दिशी थोडे कमी. मी म्हनलं, तुमाले माईत असंन. तुमी शिकल्या-सवरल्या."

लहानूकाका खाली बसले. त्यांनी ओंजळीत थोड्या माश्या घेतल्या आणि तशाच धरून ठेवल्या. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी सकाळी मोजत होते ते झाडल्यापासून आठ वाजेपर्यंतच्या तीन तासांतले मृत्यू होते. बाकी एकवीस तासांतले ह्या खापरात जमा होत होते.

मी पोंक्षे सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"वहीत काही खोटं लिहिलंयस का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"दोन दिसल्या, दोन लिहिल्यास. मग अडचण काय आहे? ती बाई झाडते हे कोणाला माहीत आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची, वझलवार."

"दिसल्या तेवढ्या लिहिल्या, सर. पण मेल्या किती ते मी पाहिलंच नाही. आणि आपण तेच पाहायला आलोय."

"हंगाम जाईल. एक वर्ष मागे पडू आपण. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"विभागाचं काय?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला विभागच हवा होता. दोन उड्या मारल्या होत्या मी त्याच्यासाठी.

"बरं, निदान असं लिही," ते जरा मवाळ होऊन म्हणाले. "स्थानिक व्यक्तीच्या हस्तक्षेपामुळे नोंदी बाद. तुझं नाव कशाला मध्ये? नंतर करतो मी फोन."

मी ओसरीवर बसून वही उघडली. आमच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी कारण, तारीख, सही. मी नऊ सकाळींच्या आकड्यांवरून एक लांब रेघ मारली. कारणापाशी हात अडला. सरांचं वाक्य तयार होतं, आणि ते खरंही होतं.

कौतिकाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"माह्या हातानं तुमच्या कामाचं वाटोळं झालं का?"

मी पेन टेकवलं आणि लिहिलं. मग त्यांना मराठीत वाचून दाखवलं: "कापडं झाडायची नाहीत हे मी घरातल्यांना सांगितलं नाही. खुणेच्या माश्यांची चाचणी पहिल्या दिवशी करायची होती, ती मी पुढे ढकलली. त्यामुळे ह्या नोंदी बाद. चारुता वझलवार."

त्यांनी नीट ऐकलं.

"आन मी झाडलं ते कुठं लिवलं?"

"ते नाही लिहिलं."

"काहून? खरं हाय ना ते? लिवा. कौतिकाबाईनं रोज पाच वाजता झाडलं म्हनून लिवा." त्यांनी पदर सोडला. "मी चौथी शिकलेली हाय. अर्धं खरं लिवलं तं मास्तर सगळं खोडायचे."

लहानूकाका पहिल्यांदा हसले. मी त्यांचं वाक्य माझ्या वाक्याखाली लिहिलं, जसंच्या तसं. खापराचा फोटो काढला, वर लाल ठिपके दिसतील असा, आणि पोंक्षे सरांना पाठवून दिला. पुढे काय होणार ते होवो. पाण्यात पडल्यावर अंग भिजायचंच.

तासाभरानं फोन वाजला.

"हे सगळं नऊ दिवसांचं?" पोंक्षे सरांचा आवाज वेगळाच होता.

"हो सर. एका शेतातलं. सहा पेट्यांचं."

ते म्हणाले: "माझे आजोबा माश्या पाळायचे. सातेरी. घरामागच्या ढोलीत." आणि मग एकदम, नेहमीच्या सुरात, "फुलोरा किती दिवस उरलाय तिकडे?"

मी लहानूकाकांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. "म्हसोबाच्या मळ्याकडं उशिराची लागन हाय. पंदरा दिस तरी फूल टिकतंय. पेट्या मी देतो."

"पंधरा दिवस, सर."

"बारा दिले. आणि ह्या वेळी फवारणी दोन तऱ्हेनं कर. एकीकडे दिवसा, दुसरीकडे दिवेलागणीनंतर, माश्या पेटीत गेल्यावर. औषध वाईट आहे की वेळ वाईट आहे, ते तरी कळू दे. आणि वझलवार, ह्या खेपेला कोणी झाडणार नाही ना?"

"नाही सर. झाडणाऱ्यांनाच मोजायला बसवतेय."

कौतिकाबाईंच्या हातातलं सूप पडलं. "मले?"

त्या बारा दिवसांइतकं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. लॉज सोडून मी कौतिकाबाईंच्या ओसरीवर मुक्काम ठोकला. खुणेच्या माश्यांची चाचणी पहिल्याच संध्याकाळी केली. सकाळी साठातल्या छप्पन्न जागेवर होत्या. पहाटे आम्ही तिघं तीन शेतांत विखुरायचो. पहिले तीन दिवस कौतिकाबाई मोजायच्या आणि मागून मी तपासायचे. तिसऱ्या दिवशी एका कापडावर त्यांच्या सतरा आल्या, माझ्या सोळा.

"परत मोजा," त्या म्हणाल्या.

मी परत मोजल्या. सोळा. त्यांनी कापडाची दुमडलेली कड बोटानं उलटली. तिच्याखाली सतरावी होती. त्यानंतर मी तपासणं सोडून दिलं.

ज्यानं मोजलं त्यानंच नोंदीवर सही करायची, असा आमच्याकडे नियम. त्या प्रत्येक पानावर सावकाश, जीभ दाताखाली धरून लिहायच्या: कौतिका भगवान शिंगणे. एके सकाळी मी जरा लवकर म्हसोबाच्या मळ्यात गेले, तर त्या कापडांपासून दहा पावलांवर केरसुणी आडवी धरून बसलेल्या.

"हे काय?"

"तो कोतवाल येतो ना. हाकलते त्याले." आणि मग ओशाळून, "रांगोळी नाही काढली. हात शिवशिवते, पन नाही काढली."

आकडे आले ते असे. पाण्याच्या शेतात पेटीमागे रोज एकोणीस-वीस. दिवसा फवारलं त्या शेतात पहिल्याच दिवशी एकशे साठ, आणि तिसऱ्या दिवशीही पन्नासच्या खाली नाही. दिवेलागणीनंतर फवारलं तिथे पहिल्या दिवशी एकतीस, तिसऱ्या दिवशी वीस. हा शेवटचा आकडा मी वहीत लिहिला तेव्हा लहानूकाका पाठीशी उभे होते.

"वीस म्हंजी ठीक हाय," ते म्हणाले. "वीस म्हंजी गाव सुखी हाय." आणि मळ्याच्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून, त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

फाइल त्या वर्षी गेली नाही, पुढच्या वर्षी गेली. विभाग दुसऱ्या कोणाला मिळाला. मला तो मिळायला आणखी चार वर्षं लागली. मुंबईहून आलेल्या तपासनिसानं वही चाळताना विचारलं होतं, "ह्या के. बी. शिंगणे कोण? शैक्षणिक पात्रता?" मी त्याला कापडाच्या कडेखालच्या सतराव्या माशीची गोष्ट सांगितली. त्यानं पान उलटलं. औषध बाजारात आलं, आणि त्याच्या माहितीपत्रकात एक वाक्य छापून आलं: फुलोऱ्यातील पिकावर दिवसा फवारू नये, सूर्यास्तानंतर, मधमाश्या पेटीत परतल्यावर फवारावे. इतक्या वर्षांत मी हजारो पानं लिहिली असतील. ते वाक्य मला तोंडपाठ आहे.

ह्या सगळ्याला अकरा वर्षं झाली. गेल्या फेब्रुवारीत जालन्याला एका बैठकीला गेले होते, तिथून वाकडी वाट करून शिवणीला गेले. चार वाजले होते. कौतिकाबाईंच्या शेजारच्या शेतात त्यांचे भाऊबंद रामकिसन पाठीवर भरलेला पंप घेऊन बांधावर नुसते बसलेले. समोर पांढरे गोंडे डोलत होते. शेजारी आमच्याच औषधाची बाटली.

"थांबलात का?" मी विचारलं.

"वहिनी वरडते ना! माश्या घरी गेल्याबिगर फवारू देत नाही कोनाले. साऱ्या गावाले धाक हाय तिचा."

"आणि ह्याच्यासोबत तो कागद येतो, त्यात काय लिहिलंय?"

"कोनता कागद?" रामकिसन म्हणाले.

त्या माहितीपत्रकाची घडी खोक्यात तशीच पडली असणार. माझं तोंडपाठ वाक्य त्या गावात कोणी वाचलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. मला इतकं हसू आलं की रामकिसन बुचकळ्यात पडले.

त्या रात्री कौतिकाबाईंनी मला जाऊ दिलं नाही. केस पांढरे झालेत, बोलणं तेवढंच भरभर. पहाटे पाचला अंगणात चाहूल लागली म्हणून मी बाहेर आले. लहानूकाका आता भोरहून येत नाहीत, गुडघे चालत नाहीत. पण त्यांच्या पेट्या येतात, आणि त्या ह्याच अंगणाला लागून ठेवायच्या असा त्यांचा हट्ट असतो. सहा पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीसमोर जुन्या धोतराचं धुतलेलं पांढरं कापड. कौतिकाबाई एका हातात केरसुणी आणि एका हातात बॅटरी घेऊन पहिल्या कापडावर वाकल्या होत्या. ओठ हलत होते.

"मावशी, अजून मोजता?"

त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. मोजून झाल्यावर कापडाची कड बोटानं उलटून खाली पाहिलं.

"झाडायच्या आधी मोजते. सवय लागली. मंग फोन करून लहानूभाऊले सांगते, त्याले त्याबिगर चहा गोड लागत नाही."

"आज किती?"

"एकोणीस," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी केरसुणी उचलली.